ताण तोडायचा केव्हा?

शेंदूरजनाघाटच्या परिसरात संत्र्याचा बगीचा नसलेले घर एखादे असेल, पण संत्र्याविषयी न बोलणारे घर सापडणे कठीण. त्यामुळे माझ्या दवाखान्यात येणारी आजोबा मंडळी स्वतःच्या दुखण्याला आणि नातवंडांच्या वागण्यालाही उपमा देतात ती झाडाचीच. अशाच एका आजोबांचे एक वाक्य गेली दोन वर्षे माझ्या मनात घर करून आहे. ते आपल्यापुढे ठेवावेसे वाटते. कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी पाचवी ते आठवीत शिकणारे नातवंड आहे, त्याचे आईवडील दिवसभर कामावर असतात आणि त्याच्या अभ्यासाची निम्मी काळजी आपल्याच वाट्याला आलेली आहे.

ते आजोबा सातवीतल्या नातवाला घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) महिनाभरापासून मुलाचे पोट दुखत होते, पण फक्त सकाळी, आणि तेही फक्त शाळेच्या दिवशी. सहामाही परीक्षेत गणित आणि विज्ञान या दोन्ही विषयांत तो मागे पडला होता. आजोबांचे निदान तयारच होते. ‘‘पोट्ट्याचं अभ्यासात मनच नाही, डॉक्टरसाहेब. पोटाचं निस्तं सोंग हाय. बगीच्याले ताण देल्ल्याशिवाय बहार येते काय? याले बी ताण पाह्यजे.’’

ज्यांच्याकडे संत्री होत नाहीत अशा वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आंबिया बहार घ्यायचा असेल तर हिवाळ्यात काही आठवडे झाडाचे पाणी तोडतात. झाडाची वाढ थांबते, त्याच्या अंगात अन्नाचा साठा होतो, आणि योग्य वेळी पाणी दिले की झाड फुलते. यालाच ताण देणे म्हणतात. तेव्हा आजोबांचे बोलणे अगदीच निराधार नव्हते. थोडी शिस्त, थोडी ओढाताण यांवाचून कोणी शिकत नाही, हे आपणही अनुभवाने जाणतो.

खरे सांगायचे तर त्या पहिल्या भेटीत मीही आजोबांपेक्षा फार निराळा वागलो नाही. पोट तपासले, ते मऊ होते. वजन घटलेले नव्हते, ताप नव्हता, रात्री दुखून झोपमोड होत नव्हती. जंतांची गोळी आणि पोटाचे औषध लिहून दिले, वर ‘‘अभ्यास करत जा बेटा’’ असा फुकटचा उपदेशही केला. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, तेव्हा योगायोगाने गर्दी कमी होती. समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेकडे बोट दाखवून मी सहज विचारले, ‘‘आज कोणती तिथी आहे, वाच बरं.’’ मुलगा खुर्चीवरून उठला, भिंतीपाशी गेला आणि मग वाचू लागला.

त्याला लांबचे दिसत नव्हते. फळ्यावरचे तो शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून घेत असे. दिवाळीनंतर बसण्याच्या जागा बदलल्या, शेजार बदलला आणि वही कोरी राहू लागली. मग बोलणी बसू लागली आणि सकाळी पोटात गोळा येऊ लागला. ‘‘सांगितले का नाहीस?’’ असे विचारता तो म्हणाला, ‘‘मले वाटलं, सगळ्याइले असंच दिसते.’’ त्याचे पोट खरेच दुखत होते. त्यात सोंग नव्हते. भीती आणि आतडी यांचे नाते फार जवळचे असते.

म्हणून वाचकहो, माझी पहिली विनंती अशी की, नातवंड आळशी आहे असा निकाल देण्यापूर्वी त्याचे शरीर तपासून घ्या. प्रथम डोळे. पुस्तक नाकाशी धरणे, टीव्हीच्या जवळ सरकणे, डोळे बारीक करून पाहणे ही खूण समजावी. दुसरे कान; वारंवार कान फुटणाऱ्या मुलाला मागच्या बाकावर निम्मेच ऐकू येते. तिसरे रक्त. बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आणि पाच ते अकरा वर्षांच्या मुलांचे ११.५ ग्रॅमच्या खाली असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो रक्तक्षय ठरतो. असे मूल लवकर थकते, त्याचे लक्ष टिकत नाही. शाळेत सहावीपासून आठवड्याला एक निळी लोहगोळी देतात. ती ‘उष्ण पडते’ म्हणून फेकू देऊ नका. जेवणानंतर घेतली की सहसा त्रास होत नाही. शौचास काळे झाले तरी घाबरू नये. जेवणाला लागून चहा दिला तर अन्नातील लोह अंगी कमी लागते, संत्र्याची फोड दिली तर अधिक लागते. आपल्या भागाला एवढे औषध तरी विकत आणावे लागत नाही.

चौथी गोष्ट झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास आणि त्यापुढील वयात ८ ते १० तास झोप लागते. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे पुष्कळसे काम झोपेतच होते. रात्री अकरापर्यंत मोबाइल पाहणाऱ्या मुलाला पहाटे पाचला अभ्यासाला उठवणे म्हणजे पेरलेले उकरून काढणे होय. मोबाइल रात्री आपल्या उशाशी नव्हे, स्वयंपाकघरात ठेवावा. आणि हा नियम आजी-आजोबांनाही लागू असावा.

आजींना स्वतंत्रपणे एक सांगायचे आहे. सहावी-सातवीत अनेक मुलींना पाळी सुरू होते. त्या चार दिवसांत नात शाळेत गेली नाही, तर वर्षभरात कितीतरी धडे तिच्याविना शिकवून होतात. तिला बाजूला बसवू नका; कापड वा पॅड, दुखण्यावर डॉक्टरांना विचारून गोळी, आणि ‘‘यात लाजण्यासारखे काही नाही’’ एवढे एक वाक्य द्या. घरातील जुन्या चालीविरुद्ध हे वाक्य आजीने उच्चारले, तर त्याचे वजन डॉक्टरच्या चिठ्ठीहून अधिक असते.

आता पुन्हा त्या मुलाकडे वळू. चष्मा लागला, पोट दुखायचे थांबले. पण अभ्यास मात्र सुरू झाला नाही. मागे पडलेल्या सहा-आठ महिन्यांत त्याने स्वतःविषयी एक मत करून घेतले होते : आपण ‘ढ’ आहोत. डोळ्यांचा नंबर काढता येतो, या मताचा कसा काढावा? आजोबा म्हणाले, ‘‘मी चवथी पास. मले सातवीचं काय समजते? याले शिकवू कसा?’’

मी म्हणालो, ‘‘तुम्ही शिकवू नका. त्याच्याकडून शिका.’’

हे मी उगीच म्हणालो नाही. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली, तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे डोक्यात घालण्याने नव्हे, तर डोक्यातून बाहेर काढण्याने ज्ञान पक्के होते. आणि बाहेर काढायला लावण्यासाठी समोर पंडित लागत नाही. ज्याला खरोखर ठाऊक नाही आणि जाणून घ्यायचे आहे, असा माणूस लागतो. या कामी चौथी पास आजोबा किंवा निरक्षर आजी यांच्याइतके योग्य कोण?

याचा सर्वांत मोठा दाखला तर आपल्याच जिल्ह्यातला आहे. १८७६ मध्ये शेंडगावी जन्मलेले आणि १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ देह ठेवलेले संत गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते. परंतु पोटाला चिमटा घ्या, भांडीकुंडी विका, पण लेकरांना शाळेत घाला, हे त्यांनी गावोगावी सांगितले. त्यांच्या कीर्तनाची रीत आपल्यापैकी काहींनी वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. बाबा व्याख्यान देत नसत. ते प्रश्न विचारीत आणि समोरच्या माणसांकडूनच उत्तर काढून घेत. उत्तर स्वतःच्या तोंडून निघाल्यामुळे ते ऐकणाऱ्याचे होऊन जाई. आज अमरावतीच्या विद्यापीठाला या शाळेबाहेरच्या माणसाचे नाव आहे. ‘मला वाचता येत नाही, मी नातवाला काय मदत करणार?’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांनी ही गोष्ट ध्यानी धरावी.

त्या घरी काय झाले, ते सांगतो. रोज संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, अर्धा तास ठरला. मुलाने त्या दिवशीचे एकच काही आजोबांना समजावून द्यायचे. आजोबांना तीनच प्रश्न विचारण्याची मुभा होती : ‘म्हणजे काय?’, ‘असे का?’ आणि ‘आपल्या घरातले उदाहरण दे.’ रागवायचे नाही आणि दुसऱ्या पोराचे नाव काढायचे नाही, ही माझी अट. पहिले काही दिवस दोघेही कंटाळले. मग सरळव्याजाचा धडा आला. ‘घरातले उदाहरण’ म्हणताच आजोबांनी पेटीतून आपल्या कर्जाचे कागद काढले. मुद्दल, दर, मुदत मांडून मुलाने व्याज काढले. ते आजोबांच्या अंदाजाशी जुळेना. दोघांनी मिळून ते पुन्हा मांडले, तेव्हा चूक आजोबांच्या अंदाजात निघाली. आजोबा मला हे सांगताना हसत होते. ‘‘लय दिवसानं पोट्टा माह्यावर हासला,’’ असे ते म्हणाले.

शाबासकी कशी द्यावी, हेही शिकण्यासारखे आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या संशोधकांनी १९९८ मध्ये पाचवीतील मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘तू फार हुशार आहेस’ असे म्हटले, काहींना ‘तू चांगली मेहनत केलीस’ असे. पुढे मुद्दाम अवघड कोडी देऊन सर्वांना अडवले. त्यानंतर ‘हुशार’ ठरवलेली मुले लवकर हात टेकू लागली, त्यांचे गुणही घसरले आणि त्यांच्यापैकी पुष्कळांनी आपले गुण फुगवून सांगितले. मेहनतीचे कौतुक झालेली मुले मात्र टिकून राहिली. तेव्हा ‘आमचा नातू कलेक्टर होणार’ ही शाबासकी नव्हे, ते ओझे आहे. ‘काल अडलेले गणित आज तू तिसऱ्या खेपेस सोडवलेस, मी पाहिले’ ही शाबासकी होय. तिच्यात ‘मी पाहिले’ हे दोन शब्द सर्वांत मोलाचे आहेत.

प्रत्येक अडचण मात्र आजोबांच्या ओसरीवर सुटत नाही. पोटदुखीने मूल रात्री जागे होत असेल, वजन घटत असेल, ताप, सतत उलट्या किंवा शौचावाटे रक्त असेल, तर ती भीतीची पोटदुखी समजू नये, लगेच तपासावे. बोलण्यात चतुर असूनही वाचताना अक्षरांची सतत उलटापालट होत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. तिला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. मूल गप्प गप्प होऊन एकटे राहू लागले, ‘मी नसतो तर बरे’ असे काही बोलले, तर ते नाटक मानू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो.

वर्ष संपले तेव्हा तो मुलगा वर्गात पहिला आला नाही, पाचातही आला नाही. गणितात मात्र तो निभावून गेला आणि आठवीत बसला. निकाल सांगायला आजोबा एकटेच आले होते. तेव्हा मी त्यांना विचारले, ‘‘आजोबा, तुम्ही त्या दिवशी ताण म्हणाला होतात. डिंक्या लागलेलं झाड ताणावर सोडता का हो?’’

ते म्हणाले, ‘‘नाही. आंधी त्याचा इलाज करा लागते.’’

‘‘आणि हलक्या जमिनीतल्या झाडाला भारी जमिनीइतका ताण?’’

‘‘नाही जी. वाळून जाईन ना.’’

थोडा वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘ताण देनं तं कोनालेही जमते, डॉक्टरसाहेब. तोडाचा कवा, थे कळलं पाह्यजे. अन् पयलं पानी हलकं द्या लागते.’’

हेच ते वाक्य. वाचकहो, आपल्या नातवंडाला शाळेचा ताण आहे, शिकवणीचा आहे, आईवडिलांच्या अपेक्षांचा आहे. त्यात भर घालायला आपली गरज नाही. हलके पाणी देणारे हात घरात फार थोडे असतात, आणि बहुधा ते आपलेच असतात. आज संध्याकाळी त्याला जवळ बोलवा आणि म्हणा, ‘‘आज काय शिकलास, ते मला समजत नाही, जरा समजावून दे.’’ मग मात्र त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका.