जाणतें वस्त्र

वस्त्र हाताला कळतें. वस्त्रालाही हात कळावा, ही नव्या युगाची हौस. 2017 सालीं गूगल व लीव्हाय या कंपन्यांनीं जाकिटाच्या डाव्या बाहींत वीजवाहक सूत विणलें. त्यावर बोट फिरवितांच खिशांतल्या फोनवरील गाणें बदले. परंतु 2023 सालीं गूगलनें त्याचें ॲप बंद केलें, आणि जाणतें वस्त्र मुकें झालें.

आम्हांस येथें सातारा जिल्ह्यांतील माण व सांगलीकडील आटपाडी या भागांतलें घोंगडें आठवतें. चिंचोक्याची खळ दिलेलें तें खरखरीत वस्त्र कांहींच जाणत नाहीं. जाणतो तो सनगराचा हात. लोकर, वीण, खळ तो स्पर्शानेंच पारखितो. ही जाण दूरच्या कंपनीच्या मर्जीनें बंद पडणार नाहीं. पण शिकणारे हातच उरले नाहींत, तर मात्र घोंगडेंही मुकें होईल.