खांद्यावरचं आणि ट्रकवरचं

मृग लागला की कोथरूडच्या आमच्या घरी माळ्यावरचं मेणकापड खाली येतं, आणि त्याची घडी मोडली की वास सुटतो. जुन्या रबराचा, डांबरगोळ्यांचा, कुठल्याशा गावी पावसात भिजून पुढल्या गावी उन्हात वाळल्याचा, आणि या सगळ्याच्या तळाशी बुक्क्याचा. बुक्का एकदा शिवणीत शिरला की कितीही धुवा, निघत नाही. मी मग पंखा लावत नाही, खिडकीही लोटून ठेवते आणि त्या वासाला घरभर फिरू देते. बाहेर पौड रस्त्यावरची वाहनं आपल्या वेगानं चाललेली असतात. आत आषाढी सुरू झालेली असते.

लहानपणी या वासाचा अर्थ एकच होता. आजी वारीला निघाली.

गावठाणात, म्हातोबाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आमचं जुनं घर होतं, आणि घरापुढे शहाबादी फरशीचा ओटा. त्या ओट्यावर तिची वळकटी बांधणं सावकाश, संध्याकाळमागून संध्याकाळ चाले. खाली घोंगडी, तिच्यावर चादर, चादरीत दुसरं लुगडं, लुगड्याच्या घडीत ताटली आणि तांब्या, म्हणजे चालताना वाजायला नकोत. मग सगळ्यावरून मेणकापड, आणि त्यावरून सुंभाचा दोर. दोराच्या पहिल्या पेडावर मी बोट दाबून धरायचं, तिनं गाठ आवळत आणायची, आणि अगदी शेवटच्या क्षणी मी बोट काढून घ्यायचं. ती गेल्यावर त्या रिकाम्या ओट्यावर बसून मी ते बोट हुंगत असे. ज्या वासानं तिला नेलं, त्याच वासात ती सापडायची. एवढ्याशा बोटाला केवढं काम.

आता निघणारी मी असते. दोर नायलॉनचा, मेणकापडाला जोड म्हणून बोहरी आळीतून मीटरवर कापून आणलेला प्लॅस्टिकचा कागद, गाठीवर बोट धरायला घरातलंच एखादं लहान माणूस. वास मात्र दोन्ही बाजू सांभाळून आहे. जाण्याची ओढ त्यात आहे, आणि मागे राहणाऱ्याच्या पोटातली कालवाकालवही. गाठ मारताना मला दोन्ही एकदम येतात आणि हात क्षणभर थांबतात.

दिंडीत सामानाच्या दोन वाटण्या होतात, ट्रकवरचं आणि खांद्यावरचं. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की वळकटीची काळजी दिंडीकडे. पहाटे ती ट्रकवर चढते, आपल्या आधी मुक्कामी पोचते आणि संध्याकाळी राहुटीच्या दाराशी, नाव रंगवलेली बाजू वर करून, वाट पाहत पडलेली असते. मधला सगळा दिवस खांद्यावरच्या पिशवीचा. म्हणून माझी खरी निवड तिथेच चालते. पाणी, गुळाचा खडा, मूठभर शेंगदाणे. खोबरेल तेल, कारण मांड्या घासल्या जातात आणि त्याबद्दल बायका एकमेकींशीच बोलतात. सुईदोरा, फोडातलं पाणी काढायला. हरिपाठाची लहान पुस्तिका. आणि मेणकापड तर खांद्यावरच, कारण पाऊस काही ट्रक गाठेपर्यंत थांबत नाही. आजीच्या वेळी ट्रकचा एवढा आधार नव्हता. एखादी वस्तू न्यावी की नको असं विचारलं की ती म्हणे, "मला काय विचारतेस? खांद्याला विचार."

खांद्याला विचारायला मी वेताळ टेकडीवर जाते. भरलेली पिशवी पाठीला, पायात वारीला न्यायच्या त्याच चपला, आणि भल्या सकाळी चढ. नव्या चपला वारीला नेऊ नयेत, त्यांनी आधी आपल्या पायाचा आकार घ्यावा लागतो. कर्वे रस्त्यावर आता गिर्यारोहणाचे उत्तम बूट मिळतात, घट्ट, पाणी आत न येऊ देणारे. पण वारीत पाणी आत येतंच, आणि मग त्याला बाहेर जायला वाट हवी असते. उघडी चपलच बरी, असं माझ्या पायांचं मत झालं आहे.

कपड्यांचा प्रश्न वाळण्याचा असतो. आजीचं नऊवारी लुगडं भिजलं की दोन बायका त्याची दोन टोकं धरून चालत, वाऱ्यावर ते फुगे, फडफडे, आणि पुढचं गाव येईतो वाळे. आजही त्या वाटेवर अशी लुगडी दिसतात. मी सुती पंजाबी ड्रेस नेते, तोही लवकर वाळतो. पण त्याचं दुसरं टोक धरायला कोणी लागत नाही, आणि ती उणीव मला दरवर्षी जाणवते.

पालखी कोथरूडवरून जात नाही. माउली पुण्यात येतात तेव्हा भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात उतरतात, तुकोबा नाना पेठेत निवडुंगा विठोबाला. आम्ही अपरात्री उठून तिकडे जातो आणि पहाटे तिथून निघतो. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबा सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडे, माउली दिवे घाट चढून सासवडला. ही सासवडची चाल सगळ्या वाटेतली लांब, तीसेक किलोमीटरची, आणि नेमकी एकादशीची. त्या एका दिवसासाठी राजगिऱ्याचे लाडू वेगळे बांधायचे आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवायचे. घाटाच्या मध्यावर कुणाला तरी ते लागतातच. बहुतेक वेळा ओळख नसलेल्याला.

ताटली मात्र मी फार विचार करून ठेवते. इरावती कर्वे वारीत चालल्या होत्या, आणि 'वाटचाल' या लेखात त्यांनी एकाच दिंडीत जातीप्रमाणे वेगळ्या शिजणाऱ्या अन्नाचं, वेगळ्या बसणाऱ्या पंगतींचं दुःख लिहून ठेवलं आहे. तो लेख वाचल्यापासून ताटली मला नुसती ताटली वाटत नाही. आजीची ताटली कुठल्या पंगतीत मांडली जाई, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही. मी माझी ताटली जिथे जागा असेल तिथे मांडते, आणि एक वाटी जास्तीची घेते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बेल वाजू लागते. खालच्या मजल्यावरच्या काकू अभिषेकासाठी पाकीट देतात. कुणी वातींचा पुडा, कुणी शेतातल्या नव्हे तर कुंडीतल्या तुळशीची मंजिरी कागदात बांधून. "आमचाही नमस्कार सांग गं," म्हणताना प्रत्येकीचा हात क्षणभर माझ्या पिशवीवर टेकतो. एका वर्षी सगळ्यांत शेवटी समोरच्या घरातल्या आजी आल्या, गुडघ्यांनी घरात अडकलेल्या. त्यांच्या हातात नारळ होता, सोललेलासुद्धा नाही, चांगला थोरला.

ट्रकवरच्या वळकटीत तो सहज मावला असता. माझ्या हातानं दोरही सैल केला होता. पण त्या दारातून हलेनात. नारळ कुठे जातो ते त्यांना पाहायचं होतं. मग मी पिशवी पुन्हा रिकामी केली, जाडी ओढणी आणि दुसरी पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली, नारळ तळाशी बसवला, वरून मेणकापड घातलं, आणि पिशवी त्यांच्यासमोर खांद्याला लावून बघितली. "जड झाली का?" त्यांनी विचारलं. झाली होती. "झाली," मी म्हटलं, "पण नेते." त्यांनी पट्टा ओढून माझ्या खांद्यावर नीट बसवला आणि पंढरपूरच्या अलीकडे, वाखरीला पोचलीस की फोन कर म्हणाल्या.