असोल्याचे द्वारपाल

‘बाउन्सर’ म्हटले, की आमच्या पिढीला फलंदाजाच्या कानाजवळून सणसणत जाणारा चेंडू आठवतो. आता मात्र हा शब्द माणसांना लागला आहे. नाइटक्लबच्या दाराशी काळ्या कपड्यांत उभा असणारा, ज्याच्या दंडापुढे आपली मांडी बारीक वाटावी, असा गडी म्हणजे बाउन्सर! या गड्यांचे जणू माहेरच दिल्लीच्या दक्षिण टोकाला आहे. गेल्या हिवाळ्यात गुरुग्रामला भाच्याकडे मुक्काम होता, तेव्हा सौभाग्यवतींसह मी ते पाहून आलो.

कुतुबमिनार मागे पडला, छत्तरपूरची देवळे गेली, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना श्रीमंतांच्या फार्महाउसच्या उंच भिंती लागतात. पुढे असोला आणि फतेहपूर बेरी ही जोडगावे येतात. पलीकडे अरवलीच्या खुरट्या झुडपांच्या टेकड्या आणि असोला-भाटी अभयारण्य. वस्ती मुख्यतः गुजरांची. शेती आणि दूधदुभते हा यांचा पिढीजात व्यवसाय. दिल्ली वाढत वाढत अंगावर आली, शेतांची फार्महाउसे झाली. राहिल्या म्हशी आणि राहिला आखाडा. १९९१ नंतरच्या काळात दिल्ली-गुरुग्रामात मॉल, हॉटेले, क्लब निघाले. त्यांना दारावर दणकट माणसे हवी होती आणि इथल्या दणकट माणसांना काम हवे होते. गाठ पडायला वेळ लागला नाही.

सकाळी आखाडा ओस असतो; रात्रपाळीची पोरे झोपलेली असतात. उन्हे कलली की मात्र शड्डू घुमू लागतात. कोल्हापूरचे खासबाग मैदान पाहिलेल्या आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला इथे परके वाटत नाही. तीच मऊ माती, तेच लंगोट, तीच भिंतीवरची मारुतीची तसबीर. फरक एवढाच, की मातीशेजारी लोखंडी वजने आली आहेत. खुराक दूध, दही, केळी आणि बदाम यांचा. ज्या दाराआड दारू वाहते त्या दाराशी उभी राहणारी ही पोरे स्वतः तिला शिवत नाहीत, हे त्यांच्या वस्तादांनी आम्हांला दोनदा सांगितले.

मी विचारले, “मारामारी कशी शिकवता?”

वस्ताद हसले. “बाबूजी, लात मारना तो गधा भी जानता है. हम रुकना सिखाते हैं.”

हे ‘थांबणे’ त्यांनी एका पोराला समोर उभे करून दाखवले. उभे राहायचे ते छातीला छाती भिडवून नव्हे. जरा तिरके, हातभर अंतर सोडून. तळवे उघडे आणि छातीच्या उंचीला. पाहणाऱ्याला विनवणी वाटावी, पण ठोसा आलाच तर अडवता यावा. समोरचा जितका ओरडेल तितका आपला आवाज खाली. चारचौघांत त्याचा पाणउतारा करायचा नाही, बाजूला घेऊन बोलायचे. कारण झिंगलेला माणूस दारूपेक्षा अपमानाने अधिक पेटतो. त्याच्या शुद्धीवर असलेल्या मित्राला हाताशी धरायचे. एकट्याने कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, आधी जोडीदाराला खूण करायची. धरावेच लागले, तर मान आवळायची नाही आणि पालथा पाडून पाठीवर बसायचे नाही. तशाने श्वास कोंडून माणूस दगावतो.

कायद्यानेही या दंडांना खास अधिकार दिलेला नाही. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे. त्याखालच्या केंद्राच्या नमुना-नियमांत रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे शिक्षण सांगितले आहे. अधिकार मात्र तुमच्या-माझ्याइतकेच. बळ वापरायचे ते बचावापुरते. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणारा पकडलाच, तर २०२४ पासूनच्या नव्या संहितेप्रमाणे विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करायचा. वैकुंठाच्या दाराशीही जय-विजय होतेच की! सनकादिकांना पोरे समजून त्यांनी अडवले आणि शाप ओढवून घेतला. कुणाला अडवावे आणि कसे अडवावे, हा प्रश्न इतका जुना आहे.

त्याच रात्री गुरुग्रामात भाच्याने आम्हांला एका क्लबासमोर नेले. आत जायला सौभाग्यवतींनी साफ नकार दिल्यामुळे आम्ही समोरच्या चहाच्या टपरीवर उभे राहिलो, आणि खरा तमाशा तिथूनच दिसला. झोकांड्या खाणाऱ्या एका तरुणाला दाराशी थांबवले होते. “जानते हो मैं कौन हूँ?” असे त्याने तीनदा विचारले आणि मग गड्याला छातीवर धक्का दिला. गड्याने मनात आणले असते, तर ते पोर रस्त्यापलीकडे जाऊन पडते! पण त्याने हात जोडले. “सर, आप बड़े आदमी हैं. कल आइए,” म्हणाला आणि मित्राकरवी टॅक्सी मागवली.

सगळेच असे नसतात. बाउन्सरांनी गिऱ्हाइकाला बेदम मारल्याच्या बातम्या आपण वाचतोच. असा एक ठोसा, आणि नोकरी जाऊन कोर्टाच्या पायऱ्या नशिबी येतात. शिवाय शरीराची ही कमाई तारुण्यापुरती. वस्तादांना काळजी आहे ती धाकट्या पोरांची. शाळा सोडून ती दंड फुगवायला येतात. “मी म्हणतो, आधी दहावीचा निकाल आण, मग मातीत उतर,” ते म्हणाले.

आम्ही पुरुषमंडळी आखाड्यावर बोलत होतो, तेव्हा सौभाग्यवतींना शेजारच्या घरात बोलावणे आले होते. त्या घरची दोन मुले रात्रपाळीला जातात. त्यांच्या आईने जे सांगितले, ते परतीच्या वाटेवर मला कळले. पहाटे दाराची कडी वाजली, की ती माउली दूध तापवायला ठेवते. पेला हातात देताना आधी मुलाच्या मुठी पाहते. बोटांची कातडी सोललेली नसली, की ती ओळखते, पोराने रात्रीचे काम नीट केले.