वर्ध्याची वाट आणि घरची वही

आमचे तीर्थरूप वारल्यास आतां वर्ष होऊन गेलें. त्यांच्या कपाटांत एक जुनें छायाचित्र निघालें. मध्यें पणजोबा खुर्चीवर बसलेले, भोंवतीं अकरा माणसें. त्यांपैकीं चौघांचीं नांवें आम्हांस सांगतां आलीं. उरलेलीं सात माणसें आमच्याच घरचीं असून आम्हांस अनोळखी! ज्यांना विचारावयाचें ते निघून गेले होते. ते होते तेव्हां विचारण्यास आम्हांस सवड झाली नव्हती. मागें उरल्या होत्या एक आत्याबाई. वय नव्वदीला टेकलेलें आणि माहेर वर्ध्याचें. म्हणून दिवाळीच्या सुटींत त्यांना घेऊन आम्ही, थोरले बंधु व मुलें असे वर्ध्यास गेलों. बरोबर एक कोरी वही घेतली होती.

वर्धा हें तसें फार जुनें शहर नव्हे. पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं १८६६ च्या सुमारास तें वसलें. काळ्या जमिनीचा आणि कापसाचा हा मुलूख. वेंचणीला आलेलीं शेतें रस्त्याच्या दोन्ही अंगांस पांढरीं दिसत होतीं. आत्याबाईंचें घर जेथें होतें तेथें आतां दुमजली दुकानें आहेत. त्या जागेपाशीं त्यांनीं गाडी थांबविण्यासही सांगितलें नाहीं.

पहिल्या दिवशीं सेवाग्राम पाहिलें. गांधीजी येथें १९३६ च्या एप्रिलअखेर राहावयास आले तेव्हां ह्या गांवाचें नांव शेगांव होतें. १९४० मध्यें तें सेवाग्राम झालें. मातीच्या भिंती, बांबू आणि वर कवेलू, एवढाच बापूकुटीचा थाट. १९४६ च्या ऑगस्टांत ते येथून गेले ते परत आले नाहींत. परंतु साप न मारतां पकडण्याचा त्यांच्या वेळचा चिमटा अजून तेथें आहे. आमच्या मुलांनीं इतर सर्व वस्तूंपेक्षां त्या चिमट्याकडेच अधिक वेळ पाहिलें आणि पुढें तासभर प्रश्न विचारून आम्हांस भंडावून सोडलें. वस्तु लहान असली तरी तिची गोष्ट तिच्याबरोबर राहिली म्हणजे ती बोलूं लागते. जवळच परचुरेशास्त्र्यांची कुटी आहे. महारोगानें ग्रासलेल्या ह्या संस्कृत पंडितांची शुश्रूषा गांधीजी स्वतः करीत असत.

प्रार्थनेच्या मैदानावर आम्हीं मोठ्या अपेक्षेनें आत्याबाईंना विचारलें, "येथील कांहीं आठवतें का?" त्या म्हणाल्या, "आईच्या पदराला धरून बसलें होतें आणि पायाला मुंगी चावली होती. रडायचें नाहीं म्हणून आईनें माझा हात घट्ट दाबला. तेवढेंच आठवतें." थोरले बंधु हंसले. आम्हीं मात्र मुंगीही वहींत लिहून घेतली.

सायंकाळीं गांवांतील लक्ष्मीनारायणाच्या देवळांत गेलों. बजाज घराण्याचें हें देऊळ जमनालालजींनीं १९२८ च्या जुलैमध्यें हरिजनांस खुलें केलें. त्या काळीं ही गोष्ट लहान नव्हती. आमचे तीर्थरूप हें वृत्त अभिमानानें सांगत आणि पुढें जोडीत कीं, आपलें घराणें पहिल्यापासूनच सुधारकांचें. आम्हीं तेंच मुलांना सांगावयास सुरुवात केली, तोंच आत्याबाई म्हणाल्या, "असें कांहीं नव्हतें रे. त्या दिवसापासून आजोबांनीं ह्या देवळाची पायरी मरेपर्यंत चढली नाहीं. घरांतल्यांनाही बंदी होती. आई मात्र बाजाराचें निमित्त करून मला येथें आणीत असे. सर्वांच्या रांगेंत उभी राही आणि परततांना म्हणे, घरीं बोलूं नकोस हो."

आम्ही स्तब्ध झालों. रात्रीं बिऱ्हाडीं बंधु म्हणाले, "हें वहींत नको. गेलेल्या माणसाची उणीदुणी मुलांपुढें कशाला?" खरें सांगावयाचें तर आमच्याही मनांत तेंच होतें. आत्याबाई बऱ्याच वेळानें शांतपणें म्हणाल्या, "आजोबांचें गाळलेंत तर आईचें कोठें लिहाल? मग ती नुसती बाजारालाच गेली म्हणायची."

ह्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आमच्या छापील कुलवृत्तांतांत पणजोबांना अर्धें पान मिळालें आहे. आजीला अर्धी ओळ, तीही सासरच्या नांवानें.

दुसऱ्या दिवशीं गोपुरीस गीताई-मंदिर पाहिलें. ह्या मंदिरास छप्पर नाहीं आणि मूर्तिही नाहीं. उघड्या आकाशाखालीं उभ्या शिळांवर गीताईचे अठराही अध्याय कोरलेले आहेत. विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता समजेना. आपल्याला कळेल अशी मराठींत मिळावी ही त्यांची इच्छा. १९१८ मध्यें त्या वारल्या. गीताई लिहिली गेली १९३० - ३१ मध्यें. आईला ती वाचावयास मिळाली नाहीं. परंतु घरांत बोललेला एक शब्द मुलानें बारा वर्षें जपला, आणि पुढें तो दगडावर उमटला. आत्याबाईंनीं एका शिळेवरील अक्षरांवरून बोट फिरविलें, चष्मा पुसला आणि पुनः फिरविलें.

परततांना पवनारास धाम नदीच्या कांठीं बसलों. विनोबा १९३८ मध्यें येथें राहावयास आले. आश्रमाची जमीन खणतांना जुनीं शिल्पें निघालीं. त्यांतील भरत-राम भेटीचें शिल्प आज तेथें पूजेंत आहे. तीं कितीएक शतकें मातींत होतीं. घरच्या आठवणींना इतकी मुदत मिळत नाहीं. त्या एका माणसाबरोबर जातात.

वाचकांना आमची एवढीच विनंति आहे, कीं घरांतील वडीलधारीं माणसें बोलतीं आहेत तोंवर त्यांच्याजवळ बसावें. जुन्या छायाचित्रांच्या पाठीमागें मऊ शिसपेन्सिलीनें नांव, नातें व गांव लिहावें. हातांतील मोबाइलवर त्यांचा आवाज नोंदवून ठेवावा, आणि वहीची एकेक प्रत प्रत्येक भावाच्या व बहिणीच्या घरीं असावी. मुख्य म्हणजे, सांगणारानें सांगितलें तें आपल्या सोयीनें धुऊन घेऊं नये.

धामेच्या घाटावर थोरल्या बंधूंनीं स्वतःच वही मागून घेतली आणि देवळाची हकीकत आपल्या सुवाच्य अक्षरांत लिहिली. पणजोबांचें नांव लिहिलें आणि आजीचें तिच्या माहेरच्या नांवासह लिहिलें. मग छायाचित्र पुढें ठेवलें. सातांपैकीं पांच जण आत्याबाईंनीं ओळखले. राहिलेल्या दोघांवर त्यांची नजर पुष्कळ वेळ फिरली, पण नांव येईना. "तुमच्या बाबांना ठाऊक होतें," एवढेंच त्या म्हणाल्या. वहींत त्या दोन ओळी आम्हीं कोऱ्या ठेविल्या आहेत.