डेम्लो : रेल्वे स्थानकाचे नाव लाभलेली संख्या

१/ १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या उलट वाचली तरी तीच राहते. नऊ वेळा ‘एक’ लिहून होणाऱ्या १११११११११ चा हा वर्ग. अशा वर्गांना ‘अद्भुत डेम्लो’ म्हणणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते.

२/ जन्म १९०५, डहाणू. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी. त्यापुढे औपचारिक शिक्षण नाही. ज्या स्थानकावर ही कल्पना सुचली, त्याचे नाव त्यांनी संख्यांना दिले. ते डेम्लो म्हणजे आजचे डोंबिवली.

३/ या संख्येचे रहस्य शाळेतल्या गुणाकारातच आहे. प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते. कडेच्या घरात एकच ‘एक’, पुढे दोन, मग तीन, मध्यभागी नऊ. कोठेही हातचा येत नाही.

४/ दहा ‘एक’ घेतले की मध्यभागी दहा जमतात, हातचा येतो आणि शिडी मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१. नियमाचे कारण कळले की त्याची मर्यादाही कळते.

५/ आता अंकांची बेरीज करावी : ८१. संख्येला ८१ ने निःशेष भाग जातो आणि उत्तर येते १२३४५६७९ चा वर्ग. आपल्याच अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, म्हटले.

६/ उजवीकडचे नऊ अंक वेगळे काढून उरलेल्यात मिळवावेत : ९८७६५४३२१ + १२३४५६७८ = ९९९९९९९९९. हा योगायोग नव्हे. १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणून त्याच्या वर्गाला ९९९९९९९९९ ने भाग जाणारच.

७/ या साऱ्यावर एक आक्षेप घेतला जातो : हे दशमान पद्धतीचे खेळ आहेत, संख्येचे गुणधर्म नव्हेत. ६१७४ या त्यांच्या प्रसिद्ध स्थिरांकापुरता त्यात तथ्य आहे. डेम्लोपाशी मात्र तो लंगडा पडतो. आठच्या पद्धतीत सात ‘एक’ घ्यावेत, वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच येतो. पाया बदलला की शिडीची उंची बदलते, कारण बदलत नाही.

८/ १९६२ मध्ये कापरेकर निवृत्त झाले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगाचे लक्ष गेले. तोवर ते सत्तरीचे झाले होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

९/ इतिहास बहुधा विद्यापीठांच्या दप्तरांतून लिहिला जातो. शाळेच्या फळ्यावरचे पुसले जाते. निमगाव केतकीहून देवळाली दूर आहे, पण खडू दोन्हीकडे तोच. इथल्या सातवीतल्या मुलीनेही नऊ ओळींचा तो गुणाकार एकदा हाताने मांडून पाहावा. कापरेकरांपाशीही याहून वेगळे साधन नव्हते.