बिनमास्तराचं स्टेशन

जपानी भाषेत ‘मुजिन-एकी’ असा एक शब्द आहे. माणूस नसलेलं स्टेशन. शेताच्या कडेला एक आखूड फलाट, त्यावर लाकडी खोली, आत बाकडं आणि भिंतीवर वेळापत्रक. मास्तर नाही, तिकिटाची खिडकी नाही. हमालाचं तर नावच नको. एका डब्याची गाडी येते. चढताना यंत्रातून आकड्याची चिठ्ठी घ्यायची, उतरताना ड्रायव्हरशेजारच्या पेटीत भाडं टाकायचं. त्या देशातली जवळजवळ निम्मी स्टेशनं अशीच. काही ठिकाणी खोलीत एक वही ठेवलेली असते आणि आला-गेला तिच्यात चार ओळी लिहून जातो. त्या वहीचं मला मोठं अप्रूप वाटतं. (आपल्याकडे वही राहिली असती, तिला बांधलेलं पेन राहिलं नसतं!)

पण हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची ‘शकुंतला’ आठवा. अडीच फुटी रुळांवरची कापसाच्या मुलखातली गाडी. वाटेवरच्या स्टेशनांत माणूस उरला नाही, तेव्हा गार्डच खाली उतरून तिकिटं देऊ लागला. १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत राबत होतं. स्टेशन ओसाड असलं तरी गाडी येणार, हा भरवसा त्या गावांना होता.

आमच्या माहुलची कथा नेमकी उलटी. खाडी, तिवरं, कोळीवाडा, आणि १९५४-५५च्या सुमारास उभे राहिलेले तेलशुद्धीकरण कारखाने. तेलासाठी रूळ आले, माणसांचं काय? ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीला जाणारी गाडी १९२८ साली निघाली आणि १९३४ साली बंदही पडली. मग एकदम २०१४च्या फेब्रुवारीत मोनोरेल. म्हैसूर कॉलनीचं स्टेशन थाटात उभं राहिलं: रखवालदार, तिकिटाची खिडकी, तपासणीचं यंत्र, सगळं जिथल्या तिथे. पहिले काही दिवस हौशी मंडळींची झुंबड उडाली. पुढे उतारू तेवढे दिसेनात.

दिसणार कुठून? मुळात गावापासून स्टेशन लांब. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून ज्या कुटुंबांना माहुलच्या इमारतींत आणून बसवलं, त्यांतल्या बायकांची धुण्याभांड्यांची कामं राहिली घाटकोपर-विद्याविहारकडे. गाडी जायची वडाळ्याला, तीही २०१९पर्यंत डेपोशीच थांबायची. आखणी करणाऱ्यांनी यांतल्या एकीला तरी ‘बाई, तुम्हाला जायचंय कुठे?’ असं विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

नोव्हेंबर २०१७मध्ये याच स्टेशनात डबे पेटले आणि गाडी दहा महिने बंद राहिली. १९ ऑगस्ट २०२५च्या पावसात ती भक्ती पार्कच्या अलीकडे अडकली. ५८२ उतारूंना अग्निशमन दलाने शिड्या लावून खाली उतरवलं. विशेष म्हणजे त्या दिवशी ती खचाखच भरली होती, कारण लोकल बंद होत्या. २० सप्टेंबरपासून दुरुस्तीसाठी गाड्या थांबवल्या.

बायका आपल्या बसच्या रांगेतच होत्या. ऊन चढलं की रांग मोनोरेलच्या खांबाच्या सावलीत सरकते.