आधी वाचन, मग बोलणं

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांना १९८०च्या सुमारास एका वडिलांचं पत्र आलं. लेस्ली डफेन हे त्यांचं नाव. त्यांच्या मुलीला, साराला, डाउन सिंड्रोम होता. अशा मुलांना आंघोळ, जेवण, कपडे एवढं शिकवावं, अक्षरांच्या मागे लागू नये, असं तेव्हा जाणती माणसंही बिनदिक्कत सांगत. डफेन यांनी मात्र सारा तीन वर्षांची असल्यापासून तिला घरी लिहिलेले शब्द दाखवायला सुरुवात केली होती. ती वाचायला शिकली होतीच, पण वडिलांचा दावा त्याहून धाडसाचा होता. वाचनामुळे तिचं बोलणं सुधारलं, असं ते म्हणत होते. बकलींनी ते पत्र फाइलला लावून विषय संपवला नाही. तिथून सुरू झालेलं त्यांचं संशोधन पुढे अनेक वर्षं चाललं, आणि पोर्ट्समथमधल्या केंद्राला साराचंच नाव मिळालं.

विशेष शिक्षिका म्हणून घरोघरी जाताना मला आजही ‘आधी नीट बोलू दे, मग बघू वाचायचं’ असं म्हणणाऱ्या आज्या भेटतात, आणि त्यांना दुजोरा देणारे डॉक्टरही. इतर मुलांच्या बाबतीत त्यांचं काही चुकत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा लावावा लागतो. घरच्या शाळेचा सगळा बेत त्यावरच उभा राहतो.

याचं मूळ शरीरात आहे. जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ साली या मुलांचं वर्णन लिहून ठेवलं, पण २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात हे कळायला १९५९ उजाडलं. पॅरिसमधल्या त्या शोधाला जेरोम लेज्यून यांचं नाव लागलं. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं अवघड काम मार्त गोतिए या डॉक्टर बाईंनी केलं होतं, त्याचं श्रेय त्यांना फार उशिरा मिळालं. सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये ही जादा प्रत पेशीविभाजनातल्या चुकीमुळे, निव्वळ योगायोगाने येते. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते हे खरं, तरी अशी बरीचशी बाळं तरुण आयांनाच होतात, कारण मुळात बाळंतपणंच त्या वयात जास्त असतात. ग्रहणात हातात सुरी धरल्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. (हे वाक्य अजून छापावं लागतं, याला काय म्हणावं!)

या जादा गुणसूत्राचे परिणाम अनेक. शिकवणाऱ्याच्या कामाचे दोन. या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात आणि पडद्यामागे चिकट पाणी साठतं. त्यामुळे बरंचसं बोलणं त्यांच्यापर्यंत अर्धंमुर्धं पोचतं, तेही आज एक, उद्या दुसरं. दुसरं असं, की ऐकलेले शब्द क्षणभर डोक्यात धरून ठेवण्याची त्यांची ताकद कमी पडते. डोळ्यांनी पाहिलेलं त्यामानाने चांगलं टिकतं. ‘आतल्या खोलीत जा, बाबांचा टॉवेल घे आणि गॅलरीत नेऊन टाक’ या वाक्यातलं मुलाच्या हाती लागतं ते ‘टॉवेल’, कधी तेही नाही. मग घरात शिक्का बसतो: ऐकत नाही, हट्टी आहे.

मराठीत तर अर्थाचा मोठा भाग शब्दाच्या शेवटाला असतो. घरात, घरावर, घरातून. गेला, गेली, गेले. बोलताना नेमका तो शेवट हलका पडतो, आणि पाणी भरलेल्या कानाला तो लागतच नाही. म्हणून ही मुलं ‘बाबा ऑफिस’, ‘आजी देव’ अशी तुटक बोलतात. कागदावर लिहिलेलं ‘ऑफिसला’ मात्र पूर्ण दिसतं, आणि मुलाला हवं तितका वेळ समोर थांबतं.

हे घरी कसं होतं ते बघण्यासारखं असतं. पोळ्या झाल्या आहेत, ओटा पुसला आहे. चार वर्षांची मुलगी लहान खुर्चीवर बसली आहे आणि तिच्या पायांखाली पाट आहे. पाट महत्त्वाचा, कारण या मुलांचे स्नायू सैल असतात. पाय लोंबकळत राहिले तर सगळी शक्ती नुसतं बसून राहण्यातच जाते. समोर तीन कार्डं: आई, आजी, दूध. जाड काळी अक्षरं, चित्र नाही. आई तसंच दुसरं कार्ड तिच्या हातात देते. ‘ही आजी. आजीवर ठेव.’ मुलीचा हात ‘दूध’कडे निघाला की चूक व्हायच्या आत आई तो हलकेच वळवते. काही दिवस नुसतं जुळवणंच. मग ‘आजी दे बघू’, म्हणजे निवडणं. आणि सगळ्यात शेवटी ‘हे काय लिहिलंय?’ उत्तर ‘आदी’ असं आलं तरी ते बरोबर धरायचं; उच्चार नंतर सुधारतो. पाच-सात मिनिटांत खेळ आटोपायचा, मुलीला कंटाळा यायच्या आधी. दहा-बारा शब्द जमले की घरच्याच फोटोंचं पुस्तक करायचं: आजीचा कपबशीसह फोटो, खाली ‘आजी चहा पिते’. बाजारातल्या कुठल्याही रंगीत पुस्तकापेक्षा हे पुस्तक जास्त वेळा उघडलं जातं.

कधी कधी सहावं कार्ड फ्रिजखाली जातं. किंवा मुलगी आईच्या गळ्यात पडून पापा घेते आणि धडा तिथेच संपतो. एडिंबरा विद्यापीठाच्या जेनिफर विशार्ट यांनी या मुलांच्या शिकण्याचा बारकाईने अभ्यास केला. काम जड वाटलं की ती लाडीगोडी लावून किंवा गंमत करून सुटका करून घेतात, असं त्यांना दिसलं. इतकंच नाही, तर येत असलेल्या गोष्टीही टाळतात. ‘किती गोड आहे हो’ असं म्हणणाऱ्या पाहुण्यांना यातली लबाडी कळत नाही. आईला कळते, पण तिचाही जीव विरघळतो. यावर माझा उपाय साधा: पापा घ्यायचा आणि मग राहिलेलं एक कार्ड करूनच उठायचं. एकच, पण करायचं.

या पद्धतीचा गवगवा करण्याआधी थोडं सबुरीनेही घ्यायला हवं. २०१२ साली ब्रिटनमधल्या ५७ मुलांवर झालेल्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित मदतनिसांनी शाळेत रोज वाचन आणि भाषा एकत्र शिकवली. वीस आठवड्यांत ती मुलं शब्द वाचण्यात, अक्षरांचे आवाज ओळखण्यात आणि शिकवलेल्या शब्दांत पुढे गेली. न शिकवलेले शब्द मात्र आपोआप आले नाहीत. म्हणजे जे शिकवाल तेच येणार. कार्डं दाखवली आणि मूल घडाघडा बोलायला लागलं, असा चमत्कार कुणी सांगितला तर त्याला घडलेलं नीट विचारून घ्यावं.

गणिताची गोष्ट आणखी बिकट, आणि त्यात मराठीचा स्वतःचा वाटा आहे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांची थट्टा झाली, विधानसभेतही टोले पडले. विशेष शिक्षकांना तेव्हा विचारलं असतं, तर त्यांनी पुस्तकाच्या बाजूने हात वर केला असता. ‘त्रेसष्ट’ ऐकून ६ आधी लिहायचा की ३, यात साधारण मूलही अडखळतं. ऐकून लक्षात ठेवणं ज्याला जड, त्याच्यासाठी ‘साठ तीन’ म्हणजे रस्त्यावरची पाटीच. घरी शिकवणाऱ्यांनी ती पद्धत खुशाल वापरावी. ‘त्रेसष्ट’ नंतर दुकानात, बसमध्ये कानावर पडत राहीलच.

भाषेबद्दलचा एक सल्ला तर बिनबुडाचा आहे, आणि तो पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंतच्या मराठी घरांत दिला जातो: ‘मुलाला एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्रजी.’ कॅनडातल्या एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड यांनी २००५ साली दोन भाषा ऐकत वाढणाऱ्या डाउन सिंड्रोमच्या मुलांची एकभाषक मुलांशी तुलना केली. दुसऱ्या भाषेमुळे पहिलीचं नुकसान झालेलं दिसलं नाही. आजी-आजोबांशी बोलणं तोडून मिळवलेलं इंग्रजी अशा मुलाच्या किती उपयोगाचं, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

२०१४च्या ‘यलो’ चित्रपटात डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने स्वतःचीच भूमिका केली. तेव्हापासून पालक पहिल्याच भेटीत पोहण्याच्या क्लासची चौकशी करतात. जरूर करावी, त्याआधी हृदयाची इको झालेली असावी, कारण जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. कोलांटउड्या मारायला लावण्याआधी मानेच्या मणक्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं. दर वर्षी थायरॉइडची रक्ततपासणी आणि कानांची तपासणीही हवी. अचानक सुस्तावलेल्या मुलाला ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून रागावणारे पालक कमी नाहीत, आणि थायरॉइडच्या रिपोर्टनंतर ओशाळणारेही.

घरी शिकवणं म्हणजे घरात कोंडणं नव्हे, हे मात्र ठासून सांगायला हवं. मुंबईत जय वकील यांनी १९४४ साली डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी, दीनासाठी, घरातच मोजक्या मुलांना जमवून शाळा काढली. शिवडीची आजची मोठी संस्था त्यातूनच उभी राहिली. घरी भरलेल्या त्या शाळेतही दीना एकटी नव्हती. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. तो पर्याय आहे, आणि निवडायचा पालकांनी. काही शाळा मात्र हीच तरतूद पुढे करून ‘तुम्ही घरीच का नाही शिकवत?’ असं गोड बोलून प्रवेश टाळतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. शाळेचा नकार लेखी मागावा. लेखी मागितला की पुष्कळांचा सूर बदलतो.

पहिली पाच-सहा वर्षं घर हीच उत्तम शाळा आहे, असं माझं मत. त्यानंतर दिवसाचा काही भाग तरी इतर मुलांत जायलाच हवा. रांगेत उभं राहणं, डबा वाटून खाणं, कुणी ढकललं तर ‘नको’ म्हणणं हे आईबरोबर शिकता येत नाही.

‘पण दहावीचं काय?’ हा प्रश्न वडील हमखास विचारतात, पोर अजून पाळण्यात असताना. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) दहावी मराठी माध्यमातून देता येते. चौदाव्या वर्षानंतर नाव घालता येतं, चित्रकला आणि गृहविज्ञान यांसारखे विषय निवडता येतात. नोंदणी पाच वर्षं चालते आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात.